‘फॉर्च्यूइटस’ आग

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस माझ्या मामांच्या दुकानाला आग लागली. दुकान लहानच आहे. पुढे वह्या, पेन, कंपासपेट्या आणि मागच्या खोलीत बाइंडिंगचे काम. रात्री मीटरच्या बोर्डात शॉर्ट सर्किट झाले. शेजारच्या गिरणीवाल्यांना धूर दिसला, त्यांनी शटर उचकटून पाणी मारले, म्हणून भिंती आणि निम्मा माल वाचला. जो गेला तो मात्र जूनच्या हंगामासाठी उधारीवर भरलेला होता, हे व्यापाऱ्याच्या घरातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

विमा होता. विमा कंपनीला अर्ज द्यायचा होता. मामा मला म्हणाले, “तू बी.कॉम.ला आहेस, इंग्लिशमध्ये एक अर्ज लिहून दे की गं. माझं इंग्लिश आपलं बिलापुरतं.”

माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झाले. त्यामुळे माझ्याजवळचा प्रत्येक इंग्रजी शब्द आपला मराठी अर्थ बोटाला धरूनच येतो. कॉलेजात आल्यावर मी एक वही केली आहे. घरातल्या जुन्या इंग्रजी-मराठी कोशातून कठीण शब्द निवडून त्यात लिहायचे आणि पाठ करायचे. अर्जात मला असे म्हणायचे होते की, आग कोणाच्या हयगयीने लागलेली नसून ती पूर्णपणे आकस्मिक होती. ‘आकस्मिक’ला ‘ऍक्सिडेंटल’ हा शब्द मला येत नव्हता असे नाही. पण तो सगळ्यांनाच येतो! माझ्या वहीत ‘आकस्मिक, यदृच्छया घडलेले’ ह्या अर्थाचा एक झोकदार शब्द कित्येक दिवस वाट पाहत बसला होता. तो मी वापरला. आग ‘प्युअरली फॉर्च्यूइटस’ होती असे मी लिहिले आणि खाली मामांची सही घेतली.

कार्यालयातील अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि कन्नडमध्ये विचारले, “इदेन बरदी, तंगी? बेंकी हत्तिद्दु अदृष्ट एनु?” म्हणजे, हे काय लिहिलंस ताई, आग लागली हे काय नशीब? रांगेतले दोघे-तिघे हसले. मग त्यांनी मराठीत विचारले, “मराठी मीडियम काय?” मी हो म्हटले. त्यांनी लाल पेनने शब्दावर काट मारली आणि अर्ज नव्याने टाइप करून आणायला सांगितला.

इथवर मला फक्त लाज वाटत होती. पण त्यानंतर त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या मामांकडे पाहून विचारले, “धंदा कसा चाललाय तुमचा?” मामा म्हणाले, “बरा चाललाय साहेब.” ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर त्यांनी मला विचारले, काय चुकलं होतं? मी सांगितले, स्पेलिंग. ह्या लेखाच्या निमित्ताने मामांना खरी गोष्ट कळेल.

त्या प्रश्नाचा अर्थ मला पुढच्या सत्रात विम्याचा पेपर शिकताना कळला. अग्निविम्याचा पाया नुकसानभरपाई हा आहे. आगीपूर्वी मालक जिथे होता तिथे त्याला परत नेऊन ठेवायचे, त्याहून वर नाही. विम्यातून नफा होऊ लागला तर दुकाने जाळण्याचाच धंदा निघेल. म्हणून पडत्या धंद्यात आग लागली की विमा कंपनी प्रथम एकच गोष्ट पाहते, ही आग मालकाच्या पथ्यावर तर पडली नाही ना? आता माझे वाक्य पाहा. ‘फॉर्च्यूइटस’ म्हणजे दैवयोगाने झालेली असे वाचले, तर ते वाक्य मामांच्या निरपराधपणाची ग्वाही देते. त्याच शब्दाचा अर्थ ‘भाग्याची’ असा घेतला, तर तेच वाक्य संशयाचे बोट दाखवते. एकाच कागदावर, एकाच सहीवर, एक शब्द साक्षीदारही होतो आणि आरोपीही!

आणि खरी गंमत पुढेच आहे. सागरी विम्याचा धडा चालू असताना सरांनी १९६३ च्या भारतीय सागरी विमा कायद्याचे परिशिष्ट वाचायला दिले. समुद्रातील संकटे म्हणजे काय ह्याची तिथे व्याख्या आहे. समुद्रावर घडणारे केवळ ‘फॉर्च्यूइटस’ अपघात त्यात मोडतात, वाऱ्याची आणि लाटांची नेहमीची क्रिया मोडत नाही, असे ती व्याख्या सांगते. १९०६ च्या इंग्रजी कायद्यातही हेच शब्द आहेत. मी बाकावर ताठ बसले. जहाज खडकावर आपटते, बुडते, माल समुद्रात जातो, आणि कायदा त्याला ‘फॉर्च्यूइटस’ म्हणतो. त्यात नशीबवान कोण आहे? म्हणजे माझा शब्द बरोबर होता. नुसता बरोबर नव्हता, तर विम्याच्या अर्जात शोभणाराच होता.

मग अधिकारी चुकले का? इथे मला आवेग आवरता घ्यावा लागतो. ह्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘फोर्स’ म्हणजे योगायोग ह्या शब्दात आहे. नशिबाची रोमन देवता फोर्तुना ही त्याच कुळातली, आणि तिच्यावरून आलेला ‘फॉर्च्यून’ही. फोर्तुनेच्या हातात चाक दाखवतात, ते फिरून कोणाला वर नेते, कोणाला खाली. इंग्रजीत मात्र ‘फॉर्च्यूनेट’ शब्दाने चाकाची वरची बाजू तेवढी उचलली आणि खालची सोडून दिली. ‘फॉर्च्यूइटस’ला दोन्ही बाजू होत्या. पण तोंडवळा सारखा, नादही सारखा. त्यामुळे बोलणाऱ्यांनी धाकट्यालाही थोरल्याच्या पंगतीला बसवले. फाउलर ह्या इंग्रज भाषापंडिताने १९२६ साली आपल्या प्रयोगकोशात ह्या गल्लतीबद्दल लोकांना टोकले होते. लोकांनी त्याचे ऐकले नाही. आज वेबस्टरच्या कोशात ‘योगायोगाने घडलेले’ हा पहिला अर्थ आहे आणि त्याखाली ‘भाग्याचे’ हाही दिलेला आहे. केंब्रिजचा कोश तर आपल्या फायद्याचे असे काही न ठरवता घडले, तरच हा शब्द लावतो. तेव्हा अधिकाऱ्यांनी हा शब्द क्रिकेटच्या बातम्यांत आणि भाषणांत जसा ऐकला, तसाच तो माझ्या अर्जात वाचला. त्यांचा कान खोटा नव्हता, माझा कोशही खोटा नव्हता.

ह्यावर आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की मग वाद कसला? भाषा लोकांची, लोक म्हणतील तो अर्थ. मला हे निम्मेच पटते. गप्पांत, गोष्टीत, पत्रात लोक म्हणतील तोच अर्थ खरा. तिथे मी वाचणाऱ्याच्या कानाला विचारून शब्द घालावा, हे मला लाल पेनने शिकवले. परंतु कायदा, हिशेब आणि विमा ह्यांतले शब्द तराजूतल्या वजनांसारखे असतात. बाजारात कोणी ‘मूठभर’ म्हणाले तर चालते, किलो म्हटल्यावर तो किलोच भरला पाहिजे. समुद्रात बुडालेल्या मालाच्या दाव्यात ‘फॉर्च्यूइटस’चा अर्थ कोणी ‘भाग्याचे’ असा लावू लागला, तर एकही दावा उभा राहणार नाही.

आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना न ठरवता घडणाऱ्या गोष्टी दुसऱ्या एका शब्दातून रोज भेटतात, तो म्हणजे ‘कंटिन्जंट’. १८७२ च्या करार कायद्याच्या ३१व्या कलमात कंटिन्जंट कराराची व्याख्या आहे आणि तिच्याखाली उदाहरण दिले आहे ते घर जळाल्यास दहा हजार रुपये देण्याच्या कराराचेच आहे. हिशेबाच्या नियमांत ह्याच शब्दाचा पंक्तिप्रपंच पाहण्यासारखा आहे. होईल-न होईल असे देणे असेल तर ते ताळेबंदाच्या टिपेत नमूद करायचे. होईल-न होईल असे येणे असेल तर ते मात्र मिळणार हे जवळजवळ निश्चित झाल्याशिवाय मालमत्तेत धरायचे नाही. वाईट शक्यता आधी बोला, चांगलीबद्दल गप्प बसा! माझ्या आजीचा स्वभाव अगदी असाच आहे, ती कधी बी.कॉम. झाली नव्हती. सांगायचे एवढेच की, ‘कंटिन्जंट’ शब्द स्वतः चांगला-वाईट काहीच म्हणत नाही, देणे की येणे हे त्याच्या शेजारचा शब्द ठरवतो. म्हणून तो इतकी वर्षे टिकला. कोणाच्या तोंडी तो ‘भाग्याचा’ झाला नाही, कारण त्याच्यासारख्या चेहऱ्याचा नशीबवान भाऊ त्याला नव्हता.

आपल्याकडे तरी असे कुठे होत नाही? ‘आकस्मिक’ शब्द फोडला तर ‘अ-कस्मात्’, कशातूनही नव्हे, कारणावाचून आलेले. किती निर्मळ शब्द! पण मराठी वर्तमानपत्रात तो शोधा. आकस्मिक निधन, आकस्मिक मृत्यूची नोंद, आकस्मिक खर्च. घरात कोणी म्हणाले “अचानक फोन आला”, तर आपण म्हणतो “कोणाचा?” आणि कोणी म्हणाले “अकस्मात फोन आला”, तर आपण आधी खाली बसतो. आकस्मिक गोष्ट चांगली होण्याची मराठीत एकच जागा उरली आहे, ती म्हणजे राशिभविष्यातला ‘आकस्मिक धनलाभ’. सीमा ओलांडून कन्नडमध्ये गेला की हाच शब्द हलका होतो. आपल्या गावात १ नोव्हेंबरला जे कन्नड गाणे हमखास कानावर पडते, ते १९९३ सालच्या ज्या चित्रपटातले आहे त्याचे नावच ‘आकस्मिक’, आणि ते नाव ऐकून कोणी दचकत नाही.

उलट ‘अदृष्ट’ पाहा. मराठीत ते न दिसलेले, म्हणून दैव, आणि बहुधा गंभीर चेहऱ्याचे. कन्नडमध्ये तेच ‘अदृष्ट’ सुदैव होऊन बसले. कन्नड माणूस ‘अदृष्टवंत’ म्हणतो तो भाग्यवानाला, आणि दुर्दैव सांगायचे झाल्यास त्याला पुढे ‘दुर्’ जोडून ‘दुरदृष्ट’ करावे लागते. म्हणजे ‘फॉर्च्यूइटस’चे इंग्रजीत जे झाले तेच ‘अदृष्ट’चे कन्नडमध्ये झाले! अधिकाऱ्यांनी मला विचारलेल्या प्रश्नात नेमका हाच शब्द होता, हे माझ्या ध्यानात दोन महिन्यांनी आले. ‘अवघड’चा प्रवास तर ह्याहून वाकडा. मराठीत अवघड म्हणजे कठीण, कन्नडमध्ये ‘अवघड’ म्हणजे अपघात, दुर्घटना. आमच्या वर्गात मराठीतून शिकलेली मुलगी “पेपर अवघड गेला” म्हणते तेव्हा कन्नडमधून शिकलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते येवो. पुष्कळदा दोन्ही अर्थ खरे असतात.

मात्र एका ठिकाणी दोन्ही भाषा शहाण्या निघाल्या आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतो. कन्नडमध्येही तोच कागे, तीच कोंबे आणि तीच गाठ. संस्कृतात ह्याला काकतालीय न्याय म्हणतात, तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते. कन्नड वर्तमानपत्रे ‘काकताळीय’ हा शब्द आजही साध्या योगायोगासाठी सर्रास छापतात, आपण तो तर्कशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिला. ह्या म्हणीत कावळ्याचे भले झाले की फांदीचे वाईट झाले, ह्यावर कोणी बोलत नाही. दोन गोष्टी एका वेळी झाल्या, एकीमुळे दुसरी झाली नाही, बस्स. मामांच्या आगीचे वर्णन करायला ह्याहून नेमके काही नव्हते. इंग्रजी अर्जात कावळा कसा बसवायचा हा वेगळा प्रश्न. गंमत म्हणजे इंग्रजीतले ‘ऍक्सिडेंट’, ‘चान्स’, ‘कॅज्युअल’, ‘कॅज्युअल्टी’ हे सारे शब्द लॅटिनमधल्या ‘पडणे’ ह्याच क्रियापदातून आलेले आहेत. म्हणजे तिकडेही काहीतरी वरून पडतच होते. आपले प्राध्यापक घेतात ती कॅज्युअल लीव्ह आणि इस्पितळातला कॅज्युअल्टी वॉर्ड हे एका आईचे लेक आहेत, हे त्यांना रजेच्या दिवशी सांगू नये.

आता तक्रारीकडे येते. ती कार्यालयाविरुद्ध नाही. आम्हाला इंग्रजी शब्द शिकवले जातात ते यादीने. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. परीक्षेला ‘समानार्थी शब्द लिहा’ असा प्रश्न, प्रत्येकी एक गुण. त्या यादीत ‘फॉर्च्यूइटस’ आणि ‘ऍक्सिडेंटल’ शेजारी शेजारी बसतात, जणू एक नसला तर दुसरा चालेल. शब्द कोणाच्या संगतीत फिरतो, कोणत्या घरी त्याचे येणे-जाणे आहे, हे यादी सांगत नाही. मराठी शब्दांच्या बाबतीत हे आम्हाला कोणी शिकवावे लागले नाही. ‘निधन’ आणि ‘मरण’ समानार्थी असूनही मांजराचे निधन होत नाही, हे आम्ही पहिलीत जाण्याआधीच जाणत होतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुले इंग्रजी शब्दांची ही संगत कानाने ओळखतात. त्यांना पुष्कळदा नेमका अर्थ ठाऊक नसतो, आणि तरी ती चुकत नाहीत. आम्हाला अर्थ ठाऊक असतो आणि तरी आम्ही चुकतो. दोघांनी एका बाकावर बसून एक अर्ज लिहिला तर तो बहुधा उत्तम होईल. पण आमच्या कॉलेजात बाकसुद्धा माध्यमाप्रमाणे वाटून घेतलेले आहेत, हे ह्या अंकाचे वाचक जाणतातच. इंग्रजीच्या तासाला वीस शब्दांच्या यादीऐवजी चारच शब्द घ्यावेत, पण प्रत्येकाची दोन-दोन वाक्ये घ्यावीत, एक कायद्यातले आणि एक वर्तमानपत्रातले. आणि परीक्षेत अर्थ न विचारता विचारावे की, हा शब्द कुठे चालणार नाही? माझ्यासारखीचे ह्यात गुण जातील. जाऊ देत.

आणि थोडी तक्रार स्वतःविरुद्धही. त्या अर्जात मला ‘फॉर्च्यूइटस’ची गरज नव्हती. मामांचे दीड लाखाच्या वर नुकसान झाले होते, आणि त्यांच्या कागदावर मला माझे इंग्रजी मिरवायचे होते. साधा शब्द समोर होता, तो मी साधा म्हणूनच टाकला. “मराठी मीडियम काय?” हा प्रश्न मला इतका का झोंबला, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. तो प्रश्न कोणी विचारू नये म्हणूनच तर मी तो शब्द घातला होता.

सागरी विम्याच्या त्या पानाची मी झेरॉक्स काढून आणली. ‘फॉर्च्यूइटस’ शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि मामांना म्हटले, मी उद्या ही साहेबांना दाखवून येते, कोण चुकलं ते कळू दे. कागदावर काय आहे हे न विचारताच मामा म्हणाले, “आधी पैसे खात्यावर पडू देत, मग बरोबर हो.” मी थांबले. सर्व्हेअर आला, पंचनाम्याची नक्कल, बिले, स्टॉकचे रजिस्टर सारे तपासले गेले, आणि दिवाळीच्या आधी रक्कम जमा झाली, मागितल्यापेक्षा थोडी कमी. मग झेरॉक्स घेऊन जायचे माझ्याही मनातून गेले. ती अजून त्या शब्दांच्या वहीतच आहे. येत्या महिन्यात मामांच्या पॉलिसीची मुदत संपते. नवा फॉर्म मीच भरणार आहे, आणि ह्या वेळी मामा तो सही करण्यापूर्वी शेजारच्या गिरणीवाल्यांच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घेणार आहेत, असे त्यांनी मला आधीच बजावले आहे.